फिल्टर लावला, तरी टॉवर येतोच: १४२० मेगाहर्ट्झच्या बँडपास फिल्टरचं रिजेक्शन वाढवताना

गच्चीवर पुठ्ठ्याला फॉइल चिकटवून हॉर्न केलाय, त्याला लो-नॉइज अँप्लिफायर, पुढे हौसेने स्वतः बनवलेला बँडपास फिल्टर, म्हणजे ठरावीक पट्टाच पुढे जाऊ देणारा आणि बाकीचं दाबणारा (हे दाबणं म्हणजे रिजेक्शन), आणि शेवटी लॅपटॉपला जोडलेला एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ रिसीव्हर). आकाशगंगेतल्या हायड्रोजनची १४२०.४ मेगाहर्ट्झची रेघ दिसायला हवी. प्रत्यक्षात स्क्रीनवर काय? मधूनच उसळणारा आणि अँटेना फिरवली तरी न हलणारा कचरा. १९५१ साली इवेन आणि पर्सेल यांनी हार्वर्डच्या प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर हॉर्न काढून हीच रेघ पहिल्यांदा पकडली, तेव्हा समोरच्या इमारतीवर मोबाइल टॉवर नव्हता. आपल्या नशिबी तो आहे.

नवखा माणूस अशा वेळी पहिला विचार करतो तो म्हणजे ‘अजून एक रेझोनेटर वाढवू’ (रेझोनेटर म्हणजे ठरावीक फ्रिक्वेन्सीला झंकारणारा फिल्टरचा घटक). मीही तेच केलं होतं. फिल्टर लांब झाला, सिग्नल आणखी कमजोर झाला आणि कचरा होता तिथेच राहिला. कारण तो कचरा मुळात त्या वाटेने येतच नव्हता. नको असलेला सिग्नल फिल्टरपार जायला तीन वाटा असतात. एक, पासबँडच्या (फिल्टर जो पट्टा जाऊ देतो त्याच्या) कडेचा उतार पुरेसा तीव्र नाही म्हणून. दोन, फिल्टर दुप्पट फ्रिक्वेन्सीला पुन्हा उघडतो म्हणून. तीन, सिग्नल फिल्टरला हातच न लावता फिल्टर ठेवलेल्या धातूच्या डब्यातल्या हवेतून पलीकडे उडी मारतो म्हणून. प्रत्येक वाटेचा इलाज वेगळा आहे, आणि एकाचा इलाज दुसऱ्यावर केला तर फक्त तांबं वाया जातं.

उदाहरण म्हणून नवख्यांच्या हाती सहज येणारा फिल्टर घेऊ: १.६ मिलिमीटर जाडीच्या एफआर-४ (नेहमीच्या ग्लास-इपॉक्सी) सर्किट बोर्डावरचा, तीन रेझोनेटरचा हेअरपिन (यू आकारात वाकवलेल्या तांब्याच्या पट्ट्यांचा). मध्य १४२० मेगाहर्ट्झ, रुंदी साधारण १४० मेगाहर्ट्झ.

पायरी १: शत्रूंची यादी करा

कागद घ्या आणि तुमच्या गच्चीवर कोण कोण बोलतंय ते लिहून काढा. भारतात टॉवरकडून मोबाइलकडे येणारे पट्टे साधारण असे (आकडे मेगाहर्ट्झमध्ये): ९०० च्या बँडमध्ये ९३५ ते ९६०, १८०० च्या बँडमध्ये १८०५ ते १८८०, २१०० च्या बँडमध्ये २११० ते २१७०. शिवाय ४जीचा २३०० ते २४००, त्याला चिकटून वायफाय, आणि ५जीचा ३३०० ते ३६७०. एफएम रेडिओ ८८ ते १०८. विमानतळांची देखरेख रडारं साधारण २७०० ते २९०० मध्ये चालतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या यादीत १४२० ला सगळ्यात जवळचा बलवान शेजारी १८०५ चा. म्हणजे उताराची खरी परीक्षा तिथे आहे, ९६० ला नाही. ‘स्टॉपबँड (दाबला जाणारा पट्टा) सगळीकडे खोल हवा’ असं धरून बसलात तर जिथे गरज नाही तिथे मेहनत कराल.

पायरी २: आधी मोजणाऱ्याला मोजा

जुन्या नॅनोव्हीएनएची (फिल्टर मोजायच्या स्वस्त व्हीएनए यंत्राची) मोजणी १.५ गिगाहर्ट्झला संपते, आणि ३०० मेगाहर्ट्झच्या वर तो हार्मोनिकवर (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीवर) चालतो, म्हणून तिथे त्याचा तळही वर येतो. अशा यंत्रावर १४२० चा फिल्टर सुरेख दिसतो, कारण त्याचे सगळे दोष स्क्रीनच्या बाहेर असतात. या कामाला निदान ३ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारी दुसरी आवृत्ती हवी. ६ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा लाइटव्हीएनए मिळाला तर उत्तम.

कॅलिब्रेशन झालं की दोन्ही केबलच्या टोकांना ५० ओहमचे लोड लावा आणि एस२१ (म्हणजे एका टोकाकडून दुसऱ्याकडे किती सिग्नल गेला ते) बघा. जी रेघ दिसेल तो तुमच्या यंत्राचा तळ. ती उणे ६० डेसिबलला असेल, तर तुमचा फिल्टर ७० डेसिबल दाबतो की ९०, हे या यंत्राला कळणार नाही. त्या खालचा ‘सुधार’ मोजत बसू नका. आता केबल हाताने जरा हलवा. तळ हलला तर कनेक्टर सैल आहे किंवा केबलची जाळी गळते आहे. हे आत्ताच दुरुस्त करा, नाहीतर पुढे दोन दिवस फिल्टरला दोष देत बसाल.

पायरी ३: उतार, आणि त्याची किंमत

०.१ डेसिबल रिपलचा (पासबँडमधल्या चढउताराचा) चेबिशेव्ह प्रकारचा फिल्टर धरून गणित केलं, तर आपला तीन रेझोनेटरचा फिल्टर ९६० मेगाहर्ट्झला साधारण ५० डेसिबल दाबतो आणि १८०५ ला ३७. रेझोनेटर चार केले तर १८०५ ला ५७, पाच केले तर ७६. दर रेझोनेटरमागे वीस-एक डेसिबल. वाचून मोह होतो.

आता बिल बघा. एफआर-४ मध्ये रेझोनेटरचा क्यू (ऊर्जा किती कमी वाया जाते याचं माप) ५० च्या आसपासच राहतो, कारण बोर्डाचा लॉस टँजंटच (बोर्ड किती ऊर्जा खातो याचं माप) ०.०२ च्या घरात असतो. त्या क्यूवर तीन रेझोनेटर मध्यावर २.८ डेसिबल खातात, चार ४.४ आणि पाच ६.२. हाच फिल्टर आरओ४००३सी या कमी नुकसानीच्या बोर्डावर केला आणि क्यू २०० मिळाला, तर तिघांचं नुकसान ०.७ डेसिबलवर येतं. बोर्ड महाग आहे खरा, पण कडक फिल्टर हवा असेल तर पैसे तिथेच घालावेत असं माझं मत.

दुसरा मार्ग म्हणजे रेझोनेटर तेवढेच ठेवून पासबँड अरुंद करणं. रुंदी १४० वरून ७० केली तर १८०५ ला १८ डेसिबल जास्त मिळतात, म्हणजे ५५. पण नुकसानही दुप्पट, ५.७ डेसिबल. चार रेझोनेटर आणि १४० ची रुंदी यात ५७ डेसिबल मिळत होते तेही ४.४ मध्ये. शिवाय एफआर-४ चा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (बोर्डात लाट किती हळू चालते ते ठरवणारा आकडा) एका लॉटमध्ये ४.२ तर दुसऱ्यात ४.६ असू शकतो. तो पाच टक्के सरकला की फिल्टरचा मध्य सुमारे ३४ मेगाहर्ट्झ सरकतो, आणि ७० मेगाहर्ट्झच्या पासबँडमधून आपली रेघच कडेला जाऊन पडते. म्हणून एफआर-४ वर अरुंद करण्यापेक्षा एक रेझोनेटर वाढवणं बरं.

पायरी ४: दुप्पट फ्रिक्वेन्सीची खिडकी

बहुतेक घरगुती फिल्टर इथेच हरतात, म्हणून इथे जरा थांबू.

हेअरपिन म्हणजे वाकवलेली अर्ध्या तरंगलांबीची तार. आपल्या बोर्डावर १४२० ला ही लांबी जवळपास ५८ मिलिमीटर येते. पण जी तार १४२० ला अर्धी लांबी आहे, ती २८४० ला पूर्ण एक लांबी आहे, आणि तिथेही ती तितक्याच आनंदाने रेझोनेट होते. वास्तविक समांतर जोडलेल्या लाइनींमध्ये नेमकी या ठिकाणी जोडणी शून्य व्हायला हवी. स्ट्रिपलाइनमध्ये, म्हणजे खाली-वर दोन्हीकडे तोच डायइलेक्ट्रिक (इन्सुलेटर) असताना, तशी होतेही. मायक्रोस्ट्रिपमध्ये, म्हणजे आपल्या बोर्डावर, मात्र खाली बोर्ड आणि वर हवा. दोन शेजारच्या लाइनी एकाच दिशेने डोलतात तेव्हा क्षेत्र बोर्डात जास्त असतं आणि लाट हळू चालते; उलट दिशेने डोलतात तेव्हा मधल्या फटीतल्या हवेत जास्त असतं आणि लाट वेगाने जाते. दोघींची चाल जुळत नाही, शून्य विस्कटतं आणि २८४० ला दुसरा पासबँड उघडतो. रडारचा पट्टा आठवला? २७०० ते २९००. काही सेकंदांनी एकदा उसळून जाणारा स्पंद दिसत असेल तर आधी इथे बघा.

सगळ्यात स्वस्त इलाज म्हणजे स्टब, मुख्य लाइनीला जोडलेली आखूड फांदी. पण कोणता? नवखे लोक २८४० ला पाव तरंगलांबीचा, टोकाला उघडा स्टब लावतात. तो २८४० दाबतो, पण १४२० ला कपॅसिटरसारखा वागून मॅचिंगची (५० ओहमशी जुळणीची) वाट लावतो. त्याऐवजी १४२० ला पाव तरंगलांबीचा, टोकाला जमिनीशी (ग्राउंडशी) जोडलेला स्टब लावा. १४२० ला तो उघडा दिसतो, जणू नाहीच. २८४० ला तोच अर्ध्या लांबीचा होतो आणि थेट शॉर्ट. शून्य हर्ट्झलाही शॉर्ट, त्यामुळे एफएमची कटकटही कमी होते. ५० ओहमचा एक स्टब एफआर-४ वर २८४० ला साधारण २५ डेसिबल दाबतो आणि १४२० ला ०.०७ डेसिबल खातो. इतका स्वस्त सौदा या धंद्यात क्वचित मिळतो.

मापं: ५० ओहमची लाइन ३ मिलिमीटर रुंद, स्टबची लांबी २८.९ मिलिमीटर. मात्र टोकाला एकच व्हाया (बोर्डाच्या दोन्ही बाजू जोडणारं तांब्याचं भोक) मारू नका. १.६ मिलिमीटरच्या बोर्डात एका बारीक व्हायाचा इंडक्टन्स सुमारे १ नॅनोहेन्री, म्हणजे २८४० ला १८ ओहम. शॉर्ट म्हणवणाऱ्या जागी १८ ओहम! चार व्हाया जवळजवळ मारा आणि उरलेल्या इंडक्टन्सपोटी स्टब एखादा मिलिमीटर आखूड ठेवा.

इथे मी एक संध्याकाळ घालवली आहे. स्टब लावला, व्हीएनएवर फिल्टर झकास, साखळीत बसवला आणि सगळं मुकं. अँप्लिफायरला वीज केबलमधूनच, एसडीआरच्या बायस-टीतून जात होती, आणि मी तीच वाट स्टबने जमिनीला टेकवली होती. तसाही हेअरपिन डीसी पलीकडे जाऊ देत नाही, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. अँप्लिफायर फिल्टरच्या पलीकडे असेल तर त्याला वीज वेगळ्या तारेने द्या.

दुसरा इलाज रेझोनेटरचा आकारच बदलण्याचा. मधला भाग बारीक, म्हणजे जास्त इंपिडन्सचा. दोन्ही उघडी टोकं रुंद, म्हणजे कमी इंपिडन्सची. मात्सुशिता कंपनीच्या माकिमोतो आणि यामाशिता यांनी १९८० साली अशा पायरीदार रेझोनेटरचे बँडपास फिल्टर मांडले. टोकाचा इंपिडन्स भागिले मधला इंपिडन्स हे गुणोत्तर एक असेल तर दुसरी खिडकी दुप्पटीवर उघडते. गुणोत्तर निम्मं केलं तर ती २.५५ पटीवर सरकते. शिवाय रेझोनेटर वीस-बावीस टक्के आखूडही होतो.

आता २.५५ गुणिले १४२० करून बघा: ३६२० च्या आसपास. खिडकी रडारच्या पट्ट्यातून उचलली आणि ५जीच्या ३३०० ते ३६७० मध्ये नेऊन ठेवली! पायरी १ ची यादी याचसाठी. गुणोत्तर ०.४ घ्या, म्हणजे टोकं ३० ओहम आणि मध्य ७५ ओहम, खिडकी २.७९ पटीवर, ३९५० च्या वर जाते. आपल्या बोर्डावर ३० ओहम म्हणजे साडेसहा मिलिमीटर रुंदी आणि ७५ ओहम म्हणजे १.४ मिलिमीटर. हे आकडे सुरुवातीचे. रेझोनेटरमधली फट ओपनईएमएस किंवा सॉनेट लाइटवर सिम्युलेशन करूनच ठरवा. पहिल्याच फिल्टरला हे झेपत नसेल तर साधा हेअरपिन आणि दोन स्टब, एक इनपुटला आणि एक आउटपुटला, एवढं पुरे.

पायरी ५: डबा

माझा पहिला डबा आतून १०० बाय ६० मिलिमीटरचा होता. झाकण उघडं ठेवून मोजलं तर २.९ गिगाहर्ट्झला काही नाही. झाकण लावलं, चार स्क्रू आवळले आणि तिथे उंचवटा उभा राहिला. झाकण काढलं, गेला. पुन्हा लावलं, आला. अर्धा तास हा खेळ चालला.

झाकण लावलं की डबा स्वतःच एक रेझोनेटर होतो. त्याची सगळ्यात खालची फ्रिक्वेन्सी काढायची रीत सोपी आहे: लांबी आणि रुंदी मिलिमीटरमध्ये घ्या, प्रत्येकीचा व्यस्त काढून वर्ग करा, दोन्ही मिळवा, वर्गमूळ घ्या आणि १५० ने गुणा, उत्तर गिगाहर्ट्झमध्ये. १०० आणि ६० ला २.९२ येतात. बोर्डामुळे ते थोडं खाली सरकतं, म्हणजे नेमकं आपल्या दुसऱ्या खिडकीवर. रुंदी ४० केली तर ४.०४. डब्याची उंची या हिशेबात येत नाही.

रुंदीचा दुसराही परिणाम आहे, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कटऑफ नावाच्या एका फ्रिक्वेन्सीच्या खाली डबा वेव्हगाइडसारखा (लाट नेणाऱ्या पोकळ नळीसारखा) वागतो, पण बंद पडलेल्या, म्हणजे लाट त्यातून जाताना विझत जाते. किती विझते ते रुंदीवर ठरतं. ६० मिलिमीटर रुंदीला कटऑफ २.५ गिगाहर्ट्झ, १८०५ मेगाहर्ट्झचा सिग्नल १०० मिलिमीटर अंतर कापताना सुमारे ३१ डेसिबलच कमी होतो. ४० मिलिमीटरला तोच आकडा ६० च्या जवळ जातो. म्हणजे रुंद डब्यात पाच रेझोनेटरचा, कागदावर ७६ डेसिबलचा फिल्टर ठेवलात तरी हवेतून पडणारी उडी त्याची मेहनत मातीत घालू शकते. माझा ‘अजून एक रेझोनेटर’ असाच वाया गेला होता. तेव्हा डबा फिल्टर मावेल इतकाच रुंद घ्या, लांबी हवी तेवढी. हेअरपिन एकापुढे एक ओळीत मांडा, इनपुट आणि आउटपुट लांबच्या टोकांना. दोन्ही कनेक्टर एकाच भिंतीवर आणलेत तर सगळं मुसळ केरात.

उडीवाटेची ओळख सोपी आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला आयसी ज्या काळ्या अँटिस्टॅटिक फोममध्ये खोचून येतात त्याचा तुकडा चिकटवा आणि पुन्हा मोजा. स्टॉपबँड बदलला तर सिग्नल हवेतून जातोय. तसाच राहिला तर दोष बोर्डात आहे. तो तुकडा तसाच आत राहू दिला तरी चालतं, फक्त रेझोनेटरच्या उघड्या टोकांपासून दूर ठेवा, नाहीतर पासबँडचंही नुकसान वाढतं.

पायरी ६: जमीन

यावर फार बोलण्यासारखं नाही, पण आळस इथेच होतो. बोर्डाच्या कडेने वरच्या आणि खालच्या जमिनीला जोडणाऱ्या व्हाया दर ३ मिलिमीटरला. एसएमए कनेक्टरचे चारही पाय सोल्डर करा, खालचेसुद्धा. बोर्डाची खालची बाजू डब्याला सर्वत्र टेकलेली हवी. चार कोपऱ्यांत स्टँडऑफ लावून बोर्ड अधांतरी ठेवला की खाली दुसरं वेव्हगाइड तयार झालं समजा. झाकण आणि भिंत यांच्या फटीवर तांब्याची चिकटपट्टी लावा. ज्या दुकानातून बोर्ड करून घेतला त्याने एकदा माझ्या व्हायांना प्लेटिंगच केलं नव्हतं. वरून ठिपके अगदी छान दिसत होते. तेव्हापासून मल्टिमीटर लावल्याशिवाय मी बोर्ड ताब्यात घेत नाही.

पायरी ७: साखळीत फिल्टर कुठे बसवायचा

अँप्लिफायरच्या आधी २.८ डेसिबलचा फिल्टर लावला तर तो एकटाच सुमारे २६० केल्विनचा नॉइज (तो तापमानात मोजतात) आणतो. हायड्रोजनच्या मंद रेघेला हे परवडत नाही. म्हणून क्रम असा: हॉर्न, पहिला अँप्लिफायर, फिल्टर, दुसरा अँप्लिफायर, एसडीआर. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० डिश आहेत, तिथे आसपास शांतता जपली जाते. तुमच्या गच्चीसमोरच टॉवर असेल तर पहिला अँप्लिफायरच गुदमरेल, आणि पुढचा कुठलाही फिल्टर ते निस्तरू शकणार नाही. हे तपासायला त्याच्या आधी ६ डेसिबलचा अटेन्युएटर (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारा तुकडा) लावून बघा. कचरा ६ नाही, १५-१८ डेसिबलने उतरला तर तो अँप्लिफायरच्या आतच तयार होतोय. अशा वेळी पहिल्या अँप्लिफायरच्याही आधी कमी नुकसानीचा कॅव्हिटी किंवा पितळी सळ्यांचा इंटरडिजिटल फिल्टर हवा; एफआर-४ चं ते काम नाही.

एक फिल्टर पुरत नाही म्हणून दोन एकामागे एक जोडणार असाल, तर ते थेट केबलने जोडू नका. फिल्टर नको असलेला सिग्नल गिळत नाही, परत फेकतो. दोन फिल्टरमध्ये तो चेंडूसारखा टप्पे खातो, आणि केबलच्या लांबीनुसार काही फ्रिक्वेन्सींना रिजेक्शन बेरजेपेक्षा बरंच कमी भरतं. मध्ये दुसरा अँप्लिफायर किंवा निदान ३ डेसिबलचा अटेन्युएटर ठेवा.

पायरी ८: शेवटची ओढाताण

रेझोनेटर मुद्दाम एखादा मिलिमीटर लांब ठेवून बोर्ड करून घ्या. कापता येतं, वाढवणं किचकट. प्रत्येक हेअरपिनच्या दोन्ही टोकांवरून अर्धा अर्धा मिलिमीटर तांबं धारदार ब्लेडने खरवडलं की मध्य साधारण २४ मेगाहर्ट्झ वर सरकतो. तिन्ही रेझोनेटर सारखेच कापा. एकच कापत बसलात तर पासबँड वाकडा होतो. जास्त कापलं गेलं तर टोकाला तांब्याच्या पट्टीचा चिमुकला तुकडा सोल्डर करून मागे येता येतं, पण ते काम नखाएवढं आणि सहनशक्तीची परीक्षा बघणारं.

आणि दर वेळी झाकण लावून, सगळे स्क्रू आवळून मगच मोजा. झाकणाने मध्यही थोडा वर सरकतो, त्यामुळे झाकण उघडं असताना फिल्टर १४२० च्या जरा खाली दिसला तर लगेच ब्लेड उचलू नका.